एक घास ज्वारीच्या भाकरीचा: रोजच्या जेवणाकडं नीट लक्ष देऊन बघायचं कसं

आमच्या आजीला शेवटची सहा-सात वर्षं दिसत नव्हतं. काचबिंदू होता, कळेपर्यंत उशीर झालेला. पण चुलीपाशी तिचा पाट ठरलेला, आणि भाकरी मी थापत असले तरी कधी उलथायची ते तीच सांगायची. तव्यावर टाकलेल्या भाकरीला वरून पाणी लावलं की एक बारीक आवाज सुरू होतो, तो हळूहळू विरत जातो, आणि तो पूर्ण थांबायच्या जरासं आधी आजी म्हणायची, "आता उलथ." एकदाही चुकली नाही. मी तेव्हा कॉलेजात होते, मला वाटायचं हा नुसता सवयीचा भाग आहे. आता वाटतं की ती रोज दोन वेळा त्या भाकरीपाशी इतकी हजर असायची की देवघरात बसणारी माणसं पण तेवढी नसतील.

हा लेख त्याच हजर असण्याबद्दल आहे. ध्यान, साधना, माइंडफुलनेस हे सगळे शब्द मला मान्य आहेत, पण मला विचाराल तर सुरुवात ताटापासून करा, कारण दिवसातून दोनदा ताट समोर येतंच, त्यासाठी वेगळा वेळ काढायला लागत नाही. मी गेली चार वर्षं हे करतीये, अधूनमधून सुटतं, परत धरते. जे जमलं ते सविस्तर सांगते, करून बघा.

आधी एकच पदार्थ ठरवा

पूर्ण जेवण लक्ष देऊन जेवायचं ठरवलं तर तिसऱ्या दिवशी सुटतं, हे मी करून बघितलंय. म्हणून महिनाभरासाठी एकच पदार्थ निवडा आणि तो अगदी रोजचा असू द्या. पुरणपोळी, आमरस, मोदक नको, त्यांच्याकडं आपलं लक्ष आपोआप जातं, जीभच ओढून नेते. ज्याच्याकडं वर्षानुवर्षं न बघता आपण जेवतो तो पदार्थ घ्यायचा. मी ज्वारीची भाकरी घेतली कारण आम्ही लातूरकडचे, शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, आमच्या घरात कायम. तुम्ही कोकणातले किंवा गोव्यातले असाल तर पेज घ्या, मऊभात घ्या, विदर्भातले असाल तर पोळी किंवा वरणभात, काही हरकत नाही. पुढचं सगळं मी भाकरीवरून सांगतीये, ते तुम्ही तुमच्या पदार्थाला लावून घ्या.

१९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबाट-झिन यांनी ताण कमी करण्याचा जो कोर्स सुरू केला, त्यात एक मनुका हातात घेऊन अगदी सावकाश खायचा सराव असतो, जगभर तो प्रसिद्ध झाला. चांगला सराव आहे, मी केलाय. पण मनुक्याशी माझं काही नातं नाही आणि भाकरीशी माझ्या चार पिढ्यांचं आहे, त्यामुळे भाकरीत मला जे मिळालं ते मनुक्यात नाही मिळालं.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. हे वजन कमी करायला नाही. ज्यांना खाण्याबद्दल आधीच मनात भीती आहे, घास मोजायची सवय लागलीये, त्यांनी हे एकट्याने करू नये, आधी डॉक्टरांशी बोला. आणि कुणीही यासाठी उपाशी राहू नका, भूक लागली असेल तेव्हाच हे छान जमतं.

दाणे मोजा, खरंच मोजा

पहिल्या रविवारी पीठ बाजूला ठेवा आणि मूठभर ज्वारी आणा, दुकानात सुटी मिळते. ताटात पसरा, उन्हात घेऊन बसा. शाळूचा दाणा मोत्यासारखा पांढरा, जरा पिवळसर झाक असलेला, आणि एका टोकाला बारीक काळसर ठिपका असतो, तिथं तो कणसाला चिकटलेला होता. हा ठिपका मी चाळिशी उलटेपर्यंत बघितला नव्हता, आणि ज्वारी जन्मभर निवडत आले.

मग ३०० दाणे मोजा. घरात मुलं असतील तर त्यांना द्या, दहा-दहाच्या ढिगाऱ्या करा. किचनमधल्या वजनकाट्यावर ठेवा. माझ्याकडं ते १० ते ११ ग्रॅम भरले. माझ्या एका भाकरीला साधारण ७५ ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे हिशेब केला तर एका भाकरीत २००० च्या वर दाणे. आता यातली गंमत बघा, चांगलं भरलेलं एक कणीस झोडलं तर जवळपास तेवढेच दाणे निघतात. आणि एका धाटाला एक कणीस, आणि ते धाट एका दाण्यातून उगवलेलं. म्हणजे एक दाणा मातीत गेला, चार महिने उभा राहिला, आणि तुमच्या पानात एक भाकरी आली. हा हिशेब पहिल्यांदा केला त्या दिवशी मी काट्यासमोर बराच वेळ बसून होते, स्वयंपाक राहिला तसाच.

अजून एक सांगते. १०० ग्रॅम ज्वारी जाळून पूर्ण राख केली तर राख जेमतेम दीड-दोन ग्रॅम उरते. बाकीचं बहुतेक सगळं वजन हवा आणि पाण्यातून आलेलं, उन्हाच्या जोरावर पानांनी बांधलेलं. ते ऊन सूर्यापासून निघून आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटं आणि वर थोडे सेकंद लागतात. हातातली भाकरी जड लागते ना, ते वजन एकेकाळी वारा होतं. मला यात देव दिसतो. तुम्हाला देव हा शब्द नको असेल तर नुसतं आश्चर्य म्हणा, तेही पुरेसं आहे.

ती कुठून आली ते माहीत करून घ्या

लक्ष देणं म्हणजे डोळे मिटून गप्प बसणं एवढंच नाही, माहिती पण लागते. ज्याची माहिती नाही त्याच्याकडं किती वेळ बघणार?

ज्वारी मुळात आफ्रिकेतली. सुदानच्या पूर्व भागात साधारण ५००० वर्षांपूर्वी माणसं ती पिकवत होती याच्या खुणा सापडल्यात. तिथून समुद्रापार कुणीतरी आणली आणि आज आपण ती आपलीच समजतो, आणि आहेच ती आपली. सोलापूरकडची मालदांडी ही ज्वारीची जात प्रसिद्ध आहे, ती मोहोळच्या संशोधन केंद्रातून पुढं आली, मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

शाळू पेरतात पाऊस संपत आल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणजे पीक वाढतं तेव्हा वरून पाणी जवळपास नसतंच, काळ्या मातीनं पावसाळ्यात जे धरून ठेवलंय त्यावर आणि थंडीतल्या दहिवरावर. मुळं दीड मीटर खाली जाऊन ओल शोधतात. आणि पाणी फारच कमी पडलं तर ज्वारी पानं गुंडाळून घेते, वाढ थांबवते आणि वाट बघते, ओल मिळाली की परत सुरू. दुष्काळी भागातली माणसं तिला का धरून राहिली ते यावरून कळतं. माझे वडील म्हणायचे की ज्वारीला धीर आहे.

आमच्याकडं लातूर, धाराशिव भागात येळवस असते, वेळ अमावस्या. डिसेंबर-जानेवारीत येते, ज्वारी तेव्हा निसवत आलेली असते, म्हणजे कणसं बाहेर पडत असतात. सगळं गाव शेतात जातं, शहरातले सुद्धा, बाजारपेठा ओस. कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, करतात, आत पाच पांडव म्हणून चुना लावलेले दगड मांडतात, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे यांचा नैवेद्य दाखवतात आणि मग "होलगे होलगे सालम पलगे" म्हणत उभ्या पिकावर आंबील शिंपडतात. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ आणि ताक. ज्वारीलाच ज्वारी जेवू घालायची. लहानपणी मी नुसती आरडत पळायचे, आता त्या शिंपडण्याचा अर्थ पोटात जाणवतो. तुमच्या भागातही असं काहीतरी असेल, नवान्न, पोळा, भाताची पूजा, घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. त्यांना विचारायला कुणी आलं याचाच किती आनंद होतो त्यांना!

करताना बघा

हा भाग सगळ्यात श्रीमंत आहे आणि आपण तो सगळ्यात घाईत उरकतो. रोज नाही जमणार, आठवड्यातून दोनदा तरी स्वतः करा. पुरुषांनी पण.

पीठ ताजं हवं, आठ-दहा दिवसांच्या आतलं. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग भाकरी थापताना कडेनं भेगा पडतात. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नाही, म्हणून नुसत्या गार पाण्यानं ती तेवढी धरत नाही, कडकडीत पाणी घालून जरा उकड काढली की पिठातला स्टार्च फुगतो आणि चिकटपणा येतो. हे हाताला कळतं. पहिल्यांदा पीठ रवाळ लागतं, तळहाताच्या टाचेनं रेटत मळत गेलं की एका क्षणी ते मऊ होतं, लोण्यासारखं सरकतं. तो क्षण पकडा. रोज येतो, रोज सुटतो. मी मळताना मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवते आणि मनात नाव घेत राहते, तुम्ही काही घ्या किंवा घेऊ नका, पण हात काय सांगतायत ते ऐका.

थापताना आवाज ऐका. गोळा जाड असतो तेव्हा थप थप असा भरीव आवाज येतो, भाकरी पातळ होत गेली की तो परातीचा आवाज व्हायला लागतो. आजी त्यावरूनच सांगायची की अजून जाड आहे गं.

मग तवा. पिठाची बाजू वर ठेवून भाकरी टाकायची, लगेच पाण्याचा हात फिरवायचा. पाणी सुकत आलं की उलथायची, दुसरी बाजू नीट भाजू द्यायची, मग तवा बाजूला करून पहिली बाजू विस्तवावर शेकायची. आता इथं थांबा आणि बघा. आधी एका कडेला छोटा फुगा येतो, तो सरकतो, दुसऱ्या फुग्याला मिळतो आणि बघता बघता पूर्ण पापुद्रा वर उचलला जातो. काय होतंय आत? पिठातल्या पाण्याची वाफ होतीये, आणि पाण्याची वाफ झाली की तिला जागा लागते साधारण १६०० पट. थेंबभर पाणी अख्खी भाकरी उचलतं. वरचा पापुद्रा आणि खालचा भाग यांच्यामध्ये कुणीतरी श्वास घेतल्यासारखं दिसतं.

फुगली नाही तर? काही बिघडत नाही, न फुगलेलीही तीच ज्वारी आहे, तिच्याकडं पण तेवढंच बघायचं. मला हे पटायला वेळ लागला कारण सासरी भाकरी फुगण्यावरून बाईचं माप काढतात. ते माप डोक्यातून काढून टाका, त्यानं लक्ष भाकरीवरून उठून लोकांच्या नजरेवर जातं.

पान वाढल्यावर एक मिनिट

आपल्याकडं याची सोय आधीपासून आहे, आपण ती घाईत उरकतो किंवा सोडून दिलीये. नैवेद्य, ताटाभोवती पाणी फिरवणं, उजव्या हाताला चित्राहुती, मग प्राण, अपान, व्यान, उदान, समान या पाचांच्या नावानं आहुती. शाळेतला जेवणाआधीचा श्लोक सगळ्यांना पाठ आहे, उदरभरण नोहे म्हणतो आपण आणि म्हणता म्हणता भाजीकडं हात जातो. माझं म्हणणं एवढंच की श्लोक म्हणायचाच असेल तर निम्म्या वेगानं म्हणा. आमच्या शेजारच्या भाभी बिस्मिल्ला म्हणून क्षणभर हात तसाच ठेवतात, ते मला फार आवडतं, मी ते त्यांच्याकडून उचललंय.

काहीच म्हणायचं नसेल तर हे करा: हात धुवा, बसा, भाकरीवर तळहात धरा, चटका बसणार नाही इतका वर. ऊब जाणवेल. तीन श्वास तेवढंच. मग वास घ्या, भाकरी मोडून तोंडाजवळ आणून घ्या, मोडल्यावर आतली वाफ येते तिचा वास वरच्या खरपूस वासापेक्षा वेगळा असतो, कोवळा, हुरड्याच्या जवळ जाणारा.

उपनिषदात भृगूची गोष्ट आहे, वडिलांना विचारतो ब्रह्म म्हणजे काय, वडील म्हणतात तप कर आणि शोध. त्याला पहिलं उत्तर सापडतं ते अन्न. पुढं प्राण, मन, विज्ञान, आनंद असं तो वर वर जातो, पण पहिली पायरी अन्नाची आहे आणि त्यातच पुढं अन्नाची निंदा करू नये असं व्रतही सांगितलंय. त्यामुळे या महिन्यात एक नियम पाळा: ताटावर बसून नाव ठेवायचं नाही. मीठ कमी असेल तर मीठ घ्या. हे ऐकायला सोपं आहे, घरात करून बघा, किती वेळा तोंडाशी येतं ते कळेल.

पहिला घास

फक्त पहिला. कोरडा, भाजी न लावता. आता तो सुपारीएवढा घ्या आणि चावा, गिळायची घाई नको, तीस-चाळीस वेळा चावा. आधी खरपूस लागेल, मग पिठूळ, मग काही क्षण काहीच चव नाही असं वाटेल, आणि तिथंच बहुतेक लोक गिळून टाकतात. गिळू नका. पंधरा-वीस सेकंदांनी एक गोडी यायला लागते, साखरेची नव्हे, फार हलकी, जिभेच्या कडेनं येणारी. लाळेत अमायलेज नावाचं द्रव्य असतं, ते स्टार्च तोडून त्याची साखर करतं. म्हणजे ही गोडी भाकरीत तशी नव्हती, ती तुम्ही आणि भाकरी मिळून आत्ता तयार केलीत. मला कारण माहीत आहे तरी दर वेळी अंगावर काटा येतो. कारण कळलं म्हणून आश्चर्य कमी होत नाही, निदान माझं तरी झालं नाही.

मग गिळा आणि तो घास कुठपर्यंत जाणवतो ते बघा. छातीच्या मध्यापर्यंत जाणवतो, पुढं हरवतो. पुढचं काम तुमच्या हातात नाही, तुम्हाला न विचारता होतं. या ठिकाणी मी नमस्कार करते, मनातल्या मनात.

दुसऱ्या घासापासून नेहमीसारखं जेवा. पिठलं घ्या, ठेचा घ्या, गप्पा मारा. एका घासावर महिनाभर राहिलात की दोन-तीन घास आपोआप होतात, ओढून ताणून वाढवू नका.

मन पळतं तेव्हा

पळणारच. चावता चावता ऑफिसचा मेल आठवतो, लाइट बिल आठवतं. आठवलं हे कळलं की परत चव शोधायची, स्वतःला रागवायचं नाही, बस. आणि असे दिवस येतात, आठवडे येतात, की काहीच वाटत नाही, भाकरी ही भाकरी असते. माझे वडील गेले त्यानंतर दोन महिने मला अन्नाकडं बघवत नव्हतं. तेव्हा मी हे सगळं सोडलं आणि एवढंच ठेवलं की हात धुवून बसायचं आणि पहिला घास उभ्यानं खायचा नाही. आश्चर्य नंतर स्वतःहून परत आलं, एका साध्या दिवशी, शिळ्या भाकरीचा काला करताना, ताक ओतलं आणि त्या कोरड्या तुकड्यांनी ते पिताना जो बारीक आवाज केला त्यानं.

डबा खाणाऱ्यांसाठी: कॅन्टीनमध्ये डोळे मिटून बसायची गरज नाही, कुणाला कळणारही नाही असं करता येतं. डब्याचं झाकण उघडल्यावर पहिला वास घ्या, डबा कुणी भरला ते आठवा, आणि पहिला घास बोलायला सुरुवात करायच्या आधी खा. एवढंच. गार भाकरी चावायला जास्त लागते, त्यामुळे गोडी डब्यातच लवकर सापडते हा माझा अनुभव.

घरच्यांवर लादू नका. मी सुरुवातीला सगळ्यांना गप्प बसवायचे, जेवणाची मजाच गेली. आता कुणाला काही सांगत नाही. मुलगी मात्र मधेच विचारते, आज गोड लागली का गं?

शेवटच्या आठवड्यात

एक भाकरी डोळे मिटून करा. थापेपर्यंत डोळे उघडे ठेवा, तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला की मिटा. घरात कुणीतरी शेजारी उभं असू द्या, ओढणी-पदर खोचून घ्या, गॅस मध्यम. आता फक्त ऐका. आधी सरसर असा एकसंध आवाज असेल, मग तो तुटक होईल, मधेमधे टिचकी वाजल्यासारखं, मग टिचक्यांमधलं अंतर वाढत जाईल. त्याच वेळी वास बदलतो, ओल्या पिठाचा वास जाऊन भाजल्याचा यायला लागतो. हे दोन्ही जिथं भेटतात तिथं डोळे उघडा आणि उलथा. माझी पहिल्या दिवशी कच्ची राहिली, दुसऱ्या दिवशी पाणी पूर्ण सुकून चिरली. पाचव्या दिवशी जमलं, आणि मी हात पुढं नेला त्याच्या जरासं आधी मला आजीचा आवाज ऐकू आला.